त्या तासाची पारख

ओट्यावर द्राक्षांची पेटी येऊन पडली आहे आणि माझ्याच्यानं ती उघडवत नाही. वरच्या फटीतून वास येतोय, गोडसर, थोडा हिरवा, थोडा गंधकाचा. दरवर्षी हा वास आला की मी कात्रीसुद्धा शोधत नाही, दातानंच चिकटपट्टी तोडते. या वर्षी मात्र पेटीला वळसा घालून चहा ठेवते, वळसा घालून भाकरी थापते. घरातले विचारतात, "अगं, मामांनी दिलेली ना? मग खा की." मी म्हणते, "तुम्ही घ्या. माझा घसा धरलाय." घसाबिसा काही धरलेला नाही.

हंगाम मात्र झक्कास आहे. कळंबहून नारायणगावाकडे निघालं की रस्त्याच्या कडेला छत्र्या लागल्यात, छत्र्यांखाली घोस टांगलेत, आणि गाड्या थांबवून पुण्या-मुंबईची मंडळी एकेक मणी फुकट चाखतायत. बागांवर जाळ्या टाकल्यात. पाखरांना भिववायला बांधलेल्या चमकत्या पट्ट्या वाऱ्यावर फडफडतायत. आत वेलीखालच्या सावलीत बायका उकिडव्या बसून घोस साफ करतायत. बारीक टोकाच्या कात्रीनं तडकलेला मणी, सडका मणी, बारका मणी टचकन काढून टाकायचा आणि घोस पेटीत निजवायचा. ट्रॅक्टरचा ब्लोअर लांब कुठंतरी घरघरतोय. उसाच्या फडाकडं बघत बघत माणसं दिवस मावळायच्या आत घरी पोचतायत, कारण बिबट्या काही हंगाम बघून येत नाही. सगळं दरवर्षीसारखंच. मीच तेवढी दरवर्षीसारखी राहिलेली नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवते. पुण्यात राहून चित्रकलेची पदविका घेतली, आणि तेव्हापासून मला एक वाईट खोड लागली. मत द्यायची. पोरांची चित्रं तपासून तपासून माझा हात असा झालाय की समोर काही आलं की पेन्सिल आपोआप कानामागून निघते. आजूबाजूच्या गावांतही पसरलं, मॅडमला चित्रातलं कळतं. कुणी पितळी देव घेऊन येतं, कुणी पणज्याची तसबीर, कुणी कुठल्या हॉटेलात मिळालेलं निसर्गचित्र. "बघा बरं मॅडम, जुनं हाय का?" मी चष्मा पुसते, भिंग काढते, आणि सांगून टाकते. खरं तेच सांगते. त्याचा मला अभिमान होता. होता म्हणते, कारण आता आहे की नाही ते मलाच कळेनासं झालंय.

मामा पिंपरी पेंढारचे. आईचे सख्खे भाऊ. जन्मभर ड्रायव्हर. आधी दुसऱ्याचा ट्रक, मग स्वतःचा पिकअप. हंगामात लोकांची द्राक्षं भरून मुंबईला न्यायची, एरवी टोमॅटो, कांदा, बेल्ह्याच्या बाजाराची जनावरं, जे मिळेल ते. शिकले जेमतेम, पण नजर रसिक. रस्त्यात कुठं चांगलं काही दिसलं की गाडी कडेला घेणारच. एकदा काय, नक्षीचा पितळी अडकित्ता आणला. घरात सुपारी खाणारं कुणी नाही. एकदा भिंतीवरचं घड्याळ आणलं, ते कधी चाललंच नाही. शेवंतामामी कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "यांना बायको करायची सोडून दुकान टाकून द्यायला पायजे व्हतं." पण ते घड्याळ तिनंच भिंतीवर लावलं होतं, बुद्धांच्या तसबिरीच्या शेजारी, आणि रोज पुसायची.

घर त्यांचं गावाच्या कडेला. पडवीच्या पलीकडं हातभर बांध, आणि बांधाला लागून शेजाऱ्यांची द्राक्षबाग. म्हणजे द्राक्षं मामांची नाहीत, पण वास, धूळ, फवारा सगळं मामांच्या घरात. मामी हंगामात त्याच बागेत घोस साफ करायला जायची. तिच्यासारखी कात्री कुणाची चालत नसे. मी सुट्टीत गेले की तिच्या शेजारी जाऊन बसायची. ती बोलता बोलता बोटानं घोस फिरवायची, टच टच मणी पडायचे, आणि गप्पांना कधी खंड पडायचा नाही.

त्या वर्षीही मी अशीच गेले होते. मोहोर गळून आंब्याला कैऱ्या धरल्या होत्या. मामा मुंबईला माल घेऊन गेलेले. मामी बागेत नव्हती, पडवीत बसली होती. जरा वाळली होती. मी विचारलं तर म्हणाली, "पित्त झालंय." मग उठली, आणि पडवीच्या भिंतीवरचं एक चित्र काढून काखेत धरून आली. "रंजू, तुझं भिंग आणलंयस का गं?"

भिंग माझ्या पर्समध्ये असतंच. चित्र मी आल्या आल्या तिथं टांगलेलं पाहिलं होतं, पण नीट नाही. मामांनी महिन्याभरापूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं, एवढंच माहीत. विकणारा म्हणाला होता, अस्सल जपानी, लाकडाच्या ठशांवरून हातानं छापलेलं, आज्याच्या आज्याच्या काळातलं. चित्रात निळसर राखाडी संध्याकाळ होती. एक लाकडी पूल, त्यावरून मोठाल्या गवती टोप्या घातलेली माणसं अंग चोरून चाललेली, आणि अलीकडच्या टोकाला छत्री घेऊन उभी राहिलेली एक बाई. सगळीकडे पांढरं पांढरं पडतंय.

"येवढ्या गारा पडतायत आन् ही मान्सं निवांत कशी गं?" मामीनं विचारलं. "आपल्याकडचा बागवाला असता तर ऊर बडवत बसला असता."

"गारा नाहीत मामी, बर्फ आहे तो. आवाजसुद्धा होत नाही त्याचा."

"आवाज न्हाई? मंग बरंय बया त्यांचं."

मी भिंग लावलं. यातली विद्या अशी आहे: मशीनवर छापलेल्या चित्राला भिंगातून बघितलं की बारीक बारीक ठिपके दिसतात, कॅलेंडरला दिसतात तसे. ठशावरून हातानं छापलेलं असेल तर ठिपके नसतात, रंग सलग बसलेला असतो. मी भिंग फिरवलं आणि ठिपकेच ठिपके. निळे, बारीक, आभाळभर. मी लगेच निकाल देऊन मोकळी. "मामी, मशीनचं आहे गं हे. सरळ सरळ. कॅलेंडर छापतात ना, तसं."

मामी वाकून बघायला लागली. मग तिनं काय केलं, पदराचं टोक जिभेला लावलं आणि काचेवर घासलं. ठिपके पदरावर आले. निळे.

"अगं भवाने, हा बोर्डो हाय!"

दिवाळीनंतर शेजारच्या बागेत केलेल्या फवारणीचा तो निळा मोरचुदाचा तुषार. वाऱ्यानं पडवीत आलेला आणि माळ्यापर्यंतच्या सगळ्या वस्तूंवर बसलेला. माळ्यावरच्या जुन्या फ्रेमची काच मामांनी चित्राला बसवली होती, ती तशीच ठिपक्यांसकट. मी पुण्यात शिकून आलेली मॅडम, आणि मी मोरचुदाला जपानी छापखाना ठरवलं होतं. मामी इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि मला तिची पाठ चोळावी लागली. मीही हसले. त्यानंतर ती तशी हसलेली मला आठवत नाही.

इथंच थांबायला हवं होतं मी. पण माझी खोड! मी पक्कड मागवली, मागचे बारीक खिळे काढले, पुठ्ठा उचलला आणि चित्र बाहेर काढलं. कागद हाताला मऊ, जाडसर, कापडासारखा. पाठीमागून रंग पाझरलेला दिसत होता. कागद ठशावर ठेवून पाठीमागून घासतात, त्या घासण्याच्या गोल खुणा तिरप्या उन्हात उमटलेल्या. एक ठिपका नाही! "मामी, हातानं छापलंय गं! खरंच हातानं! एकेका रंगाला एकेक ठसा कोरलाय!"

मामीनं हात जोडले. कुणाला जोडले कोण जाणे.

आणि मग मला एरवी फ्रेमच्या पट्टीखाली झाकली जाणारी, मुंगीएवढ्या जपानी अक्षरांची एक ओळ दिसली. मी मोबाइल धरला. आजकाल मोबाइल कुठलीही भाषा वाचून दाखवतो. त्यानं दाखवलं: पुनर्मुद्रण. म्हणजे मूळ चित्र जुनंच, पण हे ते नव्हे. फार नंतर कुणीतरी मूळ बघून नवे ठसे कोरले आणि पुन्हा छापलं. अशी शेकड्यानं छापतात, हौशी लोक घेऊन जातात. मी मामीला हे सगळं समजावून सांगितलं. वर्गात सांगते तसं, बोट वर करून.

"म्हंजी खरं न्हाई," मामी म्हणाली.

"नक्कल आहे. चांगली आहे, पण नक्कलच."

किती सोपं होतं, 'हातानं छापलंय' एवढ्यावर गप्प बसणं. तेही खोटं नव्हतं. पण मला पूर्ण मार्कांचं उत्तर द्यायचं होतं ना.

मामीनं चित्र दोन्ही हातांनी उचलून पुठ्ठ्यावर ठेवलं. म्हणाली, "यांना सांगू नको."

"अगं पण मामी, त्या दुकानदारानं फसवलं की मामांना."

"फसवू दे. तू सांगू नको. शपत घे म्हणत न्हाई, नुसतं सांगू नको."

आणि मग तिनं मला त्या दिवसाचं सांगितलं. पित्त वगैरे काही नव्हतं. मामा तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले होते. आधीच्या तपासण्यांचा निकाल मिळायचा होता. गर्दी होती, नंबर लांब होता. मामांना एका जागी बसवत नाही. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणून ते बाहेर पडले. बुधवार होता, जुना बाजार भरलेला. इकडं नंबर लवकर आला. आत बोलावलं. डॉक्टरांनी विचारलं, सोबत कोण आहे? मामी म्हणाली, "येतील आता." डॉक्टर थोडं थांबले, मग त्यांनी तिला एकटीलाच सांगितलं. काय आहे, कुठवर पसरलंय, काय काय करता येईल आणि काय नाही.

"भायेर येऊन बाकड्यावर बसले," मामी म्हणाली. "डोक्यावर पंखा व्हता. त्याच्याकडंच बघत व्हते. येक पातं वाकडं व्हतं त्याचं. मला वाटलं, ह्यो पंखा आता पडतोय का मग पडतोय. तासभर मी दुसरा इचारच क्येला न्हाई."

मामा आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हे चित्र उराशी धरून. तोंड असं फुललेलं. मामीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि ठरवलं, आत्ता नाही. नंबर होऊन गेला, घरी जाऊन सांगते, म्हणाली. चाकण मागं पडेपर्यंत ती चित्राबद्दलच बोलत राहिली. रस्ता मोकळा लागल्यावर मग सांगितलं. मामांनी गाडी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

"मीच म्हणलं मंग, चला आता, घरी जाऊन चित्र कुठं लावायचं त्ये बघू." मामीनं पदरावरचा निळा डाग चोळला. "हे बघ रंजू, माझा त्यो तास गेला त्यो गेला. पर हे खोटं निघालं तर त्यांचा बी वाया गेला. त्यो माणूस मंग सवताला खाईल. तवा हे अस्सल हाय. कळलं का?"

मी पुठ्ठा बसवला, खिळे ठोकले, पट्टी पुन्हा त्या ओळीवर आणली. मामीनं चित्र पडवीतून काढून आतल्या खोलीत लावलं, फवारा पोचणार नाही अशा भिंतीला.

त्यानंतर जो कुणी तिच्या तब्येतीची चौकशी करायला येई त्याला ती आधी चित्र दाखवी. "यांनी आणलंय. जपानचं. आमच्या रंजूनं भिंगातून बघितलंय, अस्सल हाय म्हणली." मी शेजारी चहाचे कप घेऊन उभी असायची. पाहुणे माझ्याकडं बघायचे. मी मान हलवायची. मामा दारात उभे असायचे, नजर खाली, पण कान इकडं. त्यांना मी कधी तोंडानं काही सांगितलं नाही. मान हलवली फक्त. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी मी माझी समजूत काढायची. शाळेत एखाद्या पोरानं असा बचाव केला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पुढच्या हंगामात मामी बागेत गेली नाही. अंगणात खाटेवर पडून पलीकडच्या बायकांच्या कात्र्यांचा आवाज ऐकायची, आणि कुणाची कात्री ढिली पडलीय ते पडल्या जागेवरून सांगायची. दिवाळीच्या आधी गेली. तिच्यामागं ठेवलेल्या परित्राण पाठाला मी आतल्या खोलीत बसले होते, समोर तो पूल, तो बर्फ. भन्ते बोलत होते आणि माझ्या मनात चाललं होतं, मी या घरात एक खोटं सोडून ठेवलंय, आणि ते आता फक्त मलाच ठाऊक आहे.

मग दोनेक वर्षांनी मामांचा फोन आला. या हंगामात, परवाच्या रविवारी. "रंजे, सवड काढून येऊन जा. येताना भिंग घिऊन ये."

आळेफाटा ओलांडला तेव्हा पेट्यांनी भरलेले पिकअप समोरून येत होते. मामा आता गाडी चालवत नाहीत. पिकअप अंगणात उभा असतो, त्याच्या हौद्यात शेजाऱ्यांच्या रिकाम्या पेट्या. घर स्वच्छ होतं, एकट्या पुरुषाचं घर असतं तसं, सगळ्या वस्तू भिंतीला लागून. त्यांनी स्वतः चहा केला, गोडमिट्ट. मी "जयभीम मामा" म्हणून पाया पडायला वाकले तर त्यांनी खांदा धरून उठवलं. हाडं लागली हाताची.

चित्र त्यांनी आधीच खाली काढलं होतं. खाटेवर धुतलेला पंचा अंथरून त्यावर ठेवलं होतं.

"बघ," म्हणाले.

"मामा, मी मागं बघितलंय की."

"तवा ती व्हती. तिच्या समाधानासाठी बी म्हणली असशील. आता ती न्हाई. आता मला सांग. किंमत नको सांगू, मला इकायचं न्हाई. खरं हाय का खोटं, येवढंच." त्यांनी चित्राच्या कडेवर बोट ठेवलं. "तिला बाकड्यावर टाकून मी ह्याच्यापायी गेलो. नुसता पाय मोकळं कराया न्हाई. रातीला डोळा लागत न्हाई पोरी. त्यो तास मी कशात घातला, त्ये मला कळाय नको का?"

मला वाटलं, मला सगळं कळलं. मामी म्हणाली होती तेच तर हे! माणूस स्वतःला खायला लागलाय. याला एकच शब्द हवाय, आणि तो माझ्या तोंडात तयार आहे. मी भिंग काढलं. काच पुसली. आभाळ बघितलं, पूल बघितला, एकेका टोपीवरून भिंग फिरवलं. पट्टीखालच्या त्या ओळीपाशी हात थांबू दिला नाही. मुद्दाम वेळ लावला, म्हणजे त्यांना पटावं. नाटक मला चांगलं जमतं असं त्या दिवशी कळलं.

"अस्सल आहे, मामा. शंभर टक्के."

मला अपेक्षा होती त्यांचा श्वास सुटेल, डोळे भरतील. ते नुसतं "बरं" म्हणाले. आणि खाटेच्या माच्याला धरून सावकाश खाली जमिनीवर बसले.

"मला वाटलं व्हतं तू खोटं म्हणशील."

"का?"

"खोटं निघालं असतं तर म्हणलो असतो, फसलो. त्या बाजारवाल्यानं गंडवलं. अडाणी ड्रायव्हर, कुनीबी टोपी घालावी. फसलेल्या माणसाला कुनी माफ तरी करतं." ते पंच्याच्या सुरकुत्या हातानं सारख्या करत होते. "घड्याळ बघितलं व्हतं मी. दोनदा बघितलं. येळ झालाय, नंबर आला आसंल, सगळं कळत व्हतं. पर ह्याच्यावरनं नजर निघंना. चांगली वस्तू हाय हे मला वळखू आलं व्हतं, रंजे. वळखूनशान तिथं थांबलो. मंग फसलो कुठं? डोळं उघडं ठिवून सोडली मी तिला."

काय केलं मी हे! या माणसापाशी एकच पळवाट होती आणि ती मी माझ्या हातानं बुजवली, वर मायेनं बुजवली. मला मुळी प्रश्नच कळला नव्हता. मामीनं जो सांगितला तो तिच्या नवऱ्याचा प्रश्न होता, तिला माहीत असलेल्या नवऱ्याचा. हा माणूस दोन वर्षं एकटा राहिला होता आणि त्याचा प्रश्न बदलला होता.

"मामा, थांबा. ऐका. खोटं आहे ते. नक्कल आहे. मी आत्ता खोटं बोलले."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हसले. गोड हसले. लहानपणी मी पडल्यावर 'लागलं नाही' म्हणायची तेव्हा हसायचे तसे. "लई मायाळू हायेस. तुज्या आईवर गेलीस."

"माया नाही हो! खरंच. हे बघा, इथं पट्टीखाली लिहिलंय, मोबाइल धरते मी..."

"ऱ्हाऊ दे. तुमचा मोबाइल तुमाला पायजे त्ये दाखवतो. आन् तू तरी काय, एकदा बोर्डोच्या ठिपक्यांना छापखाना म्हणली व्हतीस. सांगितलंय मला तिनं. महिनाभर हसत व्हती." त्यांनी डोळे पुसले. हसण्यानं आले होते की कशानं, कळलं नाही.

"मामा, मामीला माहीत होतं नक्कल आहे ते. मीच सांगितलं होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून ती सगळ्यांना अस्सल सांगायची."

आता ते हसले नाहीत. पलीकडच्या बागेत कुणीतरी पेट्या मोजत होतं.

"ती खोटं बोलायची म्हणतीस?"

"तुमच्यासाठी, मामा."

"न्हाई." आवाज चढला नव्हता, पण त्यात हात आडवा धरलेला होता. "ती माझ्याशी खोटं बोलली न्हाई कधी. मी तिला इचारलं व्हतं, तासभर काय केलंस गं येकटीनं? म्हणली, भायेर आले आन् बाकड्यावर डोळाच लागला माझा, तुमी आल्यावरच उठले. झोपली व्हती ती, रंजे. त्येवढ्यावर मी दिवस काढतोय. तू आज तिला चित्रापायी खोटी पाडशील, मंग त्ये बी..."

त्यांनी तळहातानं चित्राची काच पुसली.

मला तो पंखा दिसत होता. वाकडं पातं. आता पडतोय का मग पडतोय. आयुष्यभर न विचारता मतं दिली, आणि आता एक मत, एक खरं मत, माझ्या घशात अडकून बसलं होतं आणि ते बाहेर आलं असतं तर या माणसाचं घर पडलं असतं.

"झोपली असेल," मी म्हणाले. "दमलेली असणार ना."

"तेच म्हणतो मी."

त्यांनी शेजारच्या बागेतून आणवलेली पेटी माझ्या गाडीवर स्वतः बांधली, ओढून ओढून, ड्रायव्हरच्या हातानं. मी निघू का म्हटलं तर म्हणाले, थांब जरा, येवढं लावून घेऊ. आम्ही आत गेलो. स्टुलावर चढू नका म्हटलं तरी चढले. मी स्टूल धरलं. त्यांनी चित्र खिळ्याला अडकवलं, मान मागं घेऊन पाहिलं, पण इतक्या जवळून त्यांना अंदाज येईना.

"सरळ हाय का गं?"

"जरा डावीकडं कललंय, मामा."

ते त्यांनी लगेच ऐकलं.